वारा लागू देऊ नको

राजूरच्या अलीकडच्या वस्तीत कुणाच्या लोणच्याला बुरशी आली, की ती बाई आधी कपाळाला हात लावायची आणि मग बरणी पदराखाली झाकून चतुराबाईच्या दारात उभी राहायची. चतुराबाई झाकण उघडायची, नाक आत घालायची, आणि बरणीकडे न बघता बाईकडे बघून विचारायची, "वला चमचा कुणी घातला?" बाई ओशाळायची, कारण घातलेला असायचाच. वरची बुरशी काढून बाकीचं ठेवू का, असं कुणी चाचरत विचारलं तर चतुराबाई फाडकन म्हणायची, "बुरशी दिसती तेवढीच नसती माय. समदं टाक उकिरड्यावर. अन् पुढच्या साली फोड पार तेलात बुडाली पायजे, वर डोकं काढून बसली न्हाई पायजे."

बोलणं असं फटकळ, पण सांगितलेलं खोटं ठरत नसे. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात चोळावा. मूग राखेत कालवून ठेवावेत. तिखटाच्या डब्यात हिंगाचा खडा टाकावा. रवा कोरडा भाजून मगच भरावा, म्हणजे अळ्यांची जाळी धरत नाही. शेजारची चाँदबी ईदला पातेल्यात मीठ तापवून त्यावर नानखटाई भाजायची; तिलासुद्धा चतुराबाईनंच शिकवलं होतं की भाजलेली वस्तू पुरती गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, आत घाम सुटतो आणि सगळं मऊ पडतं. चाँदबीच्या घरात चार पिढ्यांपासून नानखटाई होत होती, पण खुसखुशीत राहू लागली ती चतुराबाईनं नाक खुपसल्यावर, हे चाँदबी स्वतः सांगायची.

तिच्या साऱ्या शास्त्राचं मूळ एकच होतं. वारा लागू देऊ नको. वारा लागला की पापड सादळतो, तेल खवट होतं, पीठ कडू पडतं, दाण्याला किडा लागतो. नवरा मेल्यापासून दोन लेकरांना घेऊन तिनं संसार ओढला तो याच एका वाक्यावर. एका हंगामात आलेलं पुढच्या हंगामापर्यंत पुरवायचं, आणि पुरवायचं तर टिकवायचं. लोकांना घास मिळवण्याचं कौतुक असतं. मिळालेला घास राखण्याचं कुणाला नसतं. चतुराबाईला तेच येत होतं, आणि तिला त्याचा ताठाही होता. असेना का. गरिबाच्या बाईला एवढा ताठा देवानं माफ करायला हवा होता.

तिच्या घरात मागच्या अंगाला एक खोली होती. मातीच्या जाड भिंती, हातभर रुंदीची एक खिडकी, आणि कोपऱ्यात छातीएवढी उंच पत्र्याची कोठी. त्या खोलीत दमट नाही, ऊन नाही, उंदीर नाही. वर्षाचा गहू तिथंच राहायचा. आणि घरात बाळंतपण आलं की बाजही तिथंच पडायची. "जिथं दाणा टिकतो तिथं बाळंतीण टिकती," असं चतुराबाई म्हणायची. ही म्हण तिची तिनंच केलेली होती, पण ती अशा थाटात म्हणायची की ऐकणाऱ्याला जुनी वाटावी.

यंदा चैत्रात त्या खोलीत मीना होती. मीना तिची थोरली लेक, मंठ्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही कूस उजवत नव्हती, सासरच्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं होतं, आणि शेवटी एकदाचे दिवस राहिले. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. जावई माऊली स्वतःच्या टेम्पोतून दोघींना माहेरी सोडून गेला, आणि जाताना चतुराबाईच्या पाया पडून म्हणाला, "मामी, लेकीला जपा. लई वाट पाह्यली हिची."

चतुराबाईनं जपण्यात कसूर केली नाही. खिडकीला घोंगडी टांगली. बाजेखाली शेगडी ठेवली. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून दोन वेळा धुरी द्यायची, की सगळी खोली लसणानं घमघमायची. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत ही भट्टी. मीना घामानं निथळायची, कुरकुरायची. चतुराबाई तिचे कान फडक्यानं आणखी घट्ट बांधायची. "बाळंतिणीच्या कानात वारा शिरला की म्हातारपणी हाडं वाजतेत. पड गुमान."

चाँदबी एकदा खोलीत डोकावली आणि पदरानं वारा घालतच मागं सरली. "या अल्ला! चतुरा, मला म्हणती नानखटाईला झाकण लावू नको, घाम सुटतो. अन् पोरीला झाकण लावून ठिवलंय बराबर!"

"पोरगी काय नानखटाई हाय व्हय?" चतुराबाई म्हणाली, आणि तिघीही हसल्या. मीना तर पोट धरून हसली. टाके ओढले म्हणून मग विव्हळलीही.

धाकटा वसंता जालन्याला एमआयडीसीत होता. सळया ओढणाऱ्या मिलमध्ये भट्टीपुढं काम, तिथंच तिघा-चौघांत मिळून खोली. सुट्टीच्या दिवशी तो भाचीला बघायला मोटारसायकलवर आला. अंगणात गहू वाळत पडला होता आणि पश्चिमेला आभाळ भरून येत होतं. दरवर्षी गहू भरण्याचं काम चतुराबाई कुणाला करू देत नसे. चार उन्हं द्यायची, दाणा दाताखाली कडक् वाजतोय का बघायचं, आणि भरताना थराथरात गोळ्या घालायच्या. या गोळ्या तिच्या हातच्या. लिंबाचा पाला सावलीत वाळवून कुटायचा, गोवरीच्या राखेत कालवायचा, पाण्याचा हात लावून लिंबाएवढे गोळे वळायचे आणि खडखडीत वाळवायचे. यंदाच्याही वळून तयार होत्या, टोपलीत, चुलीमागच्या फळीवर.

पण यंदा तिचे हात बाळाच्या तेलात होते. पाटावर पाय पसरून, पायांवर नात उपडी घालून ती अंग चोळत होती. तिथूनच ती ओरडली, "वसंता, आभाळ आलंय रे. कोठी भरून घे जल्दी. अन् गव्हात गोळ्या टाक, इसरू नको!"

"टाकतो," वसंता म्हणाला.

कोणत्या, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिच्या लेखी गोळ्या एकाच होत्या. त्याच्याही लेखी एकाच होत्या. फक्त तो शिकत-कमावत बाहेर राहिलेला, आणि त्याच्या मिलमधले सगळे जण गव्हात टाकतात त्या गोळ्या वेगळ्या. दुकानात मिळणाऱ्या, गॅस सोडून किडा मारणाऱ्या. आईनंही आता जुनं सोडलं वाटतं, एवढंच त्याच्या मनात आलं. ओवा आणि डिंक आणायला त्याला राजूरला जायचंच होतं. खत-औषधाच्या दुकानात त्यानं गव्हाच्या गोळ्या मागितल्या. कोठी कुठं आहे, तिथं कुणी निजतं का, हे दुकानदारानं विचारलं नाही. ज्या डब्यावर कवटी छापलेली असते तो डबा फळीवर तसाच राहिला आणि गोळ्या कागदाच्या पुडीतून वसंताच्या खिशात आल्या. फुटाणे बांधून द्यावेत तशा. त्या दुकानदाराला आजही झोप लागत असेल. असल्या माणसांना लागतेच.

परत येऊन वसंतानं कोठी भरली, गोळ्या फडक्यात बांधून मधोमध खुपसल्या, झाकण लावलं. ते झाकण एका बाजूनं जरा वाकलेलं होतं, कधीचंच होतं. हात धुऊन त्यानं भाचीला घेतलं, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं, ती सोडेना म्हणून खूश झाला.

"टाकल्या का गोळ्या?" चतुराबाईनं विचारलं.

"टाकल्या की."

तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती म्हणून वसंता जालन्याला निघून गेला.

अवकाळीची एक सर येऊन गेली आणि हवा कुंद झाली. दिवेलागणीला मीना म्हणाली, "आई, डोकं लई दुखून राह्यलंय. अन् लसणाचा वास सोसंना मला."

चतुराबाई खोलीत गेली. दारातच ती थबकली. सगळ्या वस्तीच्या बरण्या हुंगणारं तिचं नाक. त्या नाकानं आपलं काम चोख केलं. वास लसणाचा होता, रोजच्यापेक्षा उग्र होता, आणि त्याच्या बुडाशी काहीतरी नासल्यासारखं होतं. सुक्या मासळीचं पाणी सांडावं तसं. क्षणभर तिला वाटलं, हे काय? पण त्या खोलीत लसणाचा वास असणारच. तो तिनंच तर केला होता. नासकं म्हणाल, तर बाळानं दूध ओकलेलं असणार. तिनं बाळाखालचं फडकं बदललं, दुपटं बदललं. आणि लसूण चांगला लागलाय म्हणून तिला बरंही वाटलं.

मग मीनाला उलटी झाली. डिंकाचा लाडू बाधला, चतुराबाई म्हणाली. सुंठ उगाळून दिली, ओवा दिला. मीनाचे हातपाय गार पडू लागले. वारा शिरला, ती म्हणाली. पावसाची हवा, दुसरं काय होणार. तिनं शेगडी फुलवली, आणखी सालं टाकली आणि जुनं लुगडं गुंडाळून दाराच्या फटीत गच्च कोंबलं. आयुष्यभर जे जे टिकवलं ते असंच टिकवलं होतं तिनं. सांगते कोण तिला, की बाई, उघड ते दार?

ती स्वतः बाहेर उंबऱ्याशी आडवी झाली. तिचंही डोकं ठणकत होतं. दगदग झाली, म्हणून तिनं कपाळाला पट्टी बांधली.

सकाळी चाँदबी दूध घेऊन आली. खोलीचं दार तिनं ढकललं तर लुगड्यामुळं सरकेना. खांदा लावून ढकललं आणि नाकाला पदर लावून ओरडली, "चतुरा! या खोलीत मेलंय काय?"

मीना बाजेवर वाकडी पडली होती, श्वास ओढत होती. चाँदबीनं तिला काखेत धरून अंगणात ओढत आणलं. चतुराबाईनं बाळ उचललं. मीनाच्या छातीला लावलं तर तोंड हलवेना. तिनं तळव्यांवर टिचक्या मारल्या, कानात कुर्र केलं, नाव अजून ठेवायचं होतं म्हणून नुसतंच "माय, ए माय" म्हणाली. ते पोर सगळं ऐकून घेतल्यासारखं गप्प होतं.

गाडी मिळाली, जालना गाठलं. पण बाळासाठी दवाखान्याची गरज उरलीच नव्हती. मीनाला आत नेलं.

वसंता मिलमधून तसाच आला, काळ्या हातांनी. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्या खोलीत धान्य होतं का? धान्यात काही टाकलं होतं?"

"गव्हात गोळ्या टाकल्या व्हत्या," वसंता म्हणाला. "गॅसच्या." आणि मग आपण काय ऐकलं आणि काय बोललो ते त्याला उमगत गेलं. तो भिंतीला टेकला. "आई, तूच म्हणाली व्हतीस ना? गोळ्या टाक म्हणून? तूच म्हणाली व्हतीस."

चतुराबाईच्या डोळ्यांपुढं चुलीमागची टोपली आली. माझ्या गोळ्या रे, माझ्या हातच्या, हे शब्द तिच्या जिभेवर येऊन थांबले. समोर तिचा पोरगा उभा होता आणि त्याचे ओठ थरथरत होते. एक लेकरू गेलं होतं. एक आत नळ्यांना बांधलेलं होतं. तिसरं हे. हे वाक्य ती बोलली असती तर तेही तिथंच खचलं असतं, आणि हे पोरगं रोज लाल भट्टीपुढं उभं राहायचं. आईला अशा गोष्टीचा हिशोब करायला वेळ लागत नाही.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच सांगितलं. तुला काय ठावं? म्या सांगितलं, तू केलंस."

पोलिसानं विचारलं तेव्हाही तिनं तेच सांगितलं. माऊलीनं विचारलं तेव्हाही. माऊली ज्या हातांनी तिच्या पाया पडला होता ते हात मागं बांधून उभा राहिला. सगळ्या वस्तीला कळलं की इतकी शहाणी चतुराबाई, जगाला अक्कल शिकवणारी, तिनं लेकीच्या बाजेशेजारी विष घालायला लावलं. ज्या बायकांच्या बरण्या तिनं सावरल्या होत्या त्यांनीच आधी तोंड सोडलं. तोंड गोड करून घेणारे ते कडू करायलाही पहिले असतात.

मीना दवाखान्यात असतानाच चतुराबाई एकदा घरी आली आणि फळीवरची टोपली काढून एक एक गोळी चुलीत घालू लागली. चाँदबी दारात येऊन उभी राहिली. तिनं टोपली पाहिली, गोळ्या पाहिल्या. दरवर्षी ती स्वतःही त्यातल्या मागून न्यायची. तिला सांगावं लागलं नाही.

"चतुरा," ती खाली बसत म्हणाली, "तू या गोळ्या म्हणाली व्हतीस."

चतुराबाईनं आणखी एक गोळी आत सरकवली.

"पोरीला सांग. तिला वाटून राह्यलंय, आईनंच जाणून..."

"अन् वसंताचं काय करू?"

"पर पोरगी तुटंल तुझी."

"तुटू दे. जित्ती तर ऱ्हाईल. त्यो न्हाई ऱ्हायचा." मग तिनं चाँदबीचा हात धरला, राखेच्या हातानं. "तुला तुझ्या कुराणाची आण हाय. बोलू नको."

चाँदबी रडली. चतुराबाई रडली नाही. सगळ्या गोळ्या जळेपर्यंत ती तिथून उठली नाही, आणि लिंबाचा कडू धूर घरभर झाला.

मीना वाचली. दवाखान्यातून सुटल्यावर कपडे न्यायला वस्तीवर आली, पण त्या घराचा उंबरा तिनं ओलांडला नाही. माऊली मंठ्याहून न्यायला येईपर्यंत ती चाँदबीच्या अंगणात बाजेवर पडून राहिली, उघड्यावर. तिला दूध फुटलं होतं. दवाखान्यातल्या औषधानं ते पुरतं आटलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली होती आणि झंपर भिजत होता. प्यायला कुणी नव्हतं. या दुःखाला शब्द नाहीत म्हणतात. आहेत, पण कुणाला काढवत नाहीत.

चाँदबीनं परसातली मोगऱ्याची फुलं खुडून आणली. ती बांधली की दूध ओसरतं. चतुराबाई कुंपणापाशी उभी होती, मीनाच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. आत यायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. चाँदबी फुलं कापडावर पसरू लागली तशी तिला राहवेना. सवय जात नाही माणसाची.

"चाँदबी, कुटू नको फुलं. तशीच ठिव. अन् आवळून बांधू नको, गाठी धरतेत. सुकली की बदल..."

मीनानं डोळे उघडले. त्या दिवसापासून ती आईशी एक शब्द बोलली नव्हती. आताही ती आईशी बोलली नाही.

"चाची," ती म्हणाली, "तिला म्हणावं, आता कुणाला काही सांगत जाऊ नको. तिचं ऐकलं की लेकरं मरतेत."

चाँदबीचे हात थांबले. तिनं कुंपणाकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं होतं, आणि एका वाक्याचं अंतर होतं. चतुराबाईनं नुसती नको म्हणून मान हलवली. चाँदबीनं ओठ मिटले आणि फुलं बांधायला घेतली.

वसंता मागं उभा होता. त्यानं आईच्या हातातलं गाठोडं घेऊन बाजेच्या पायाशी नेऊन ठेवलं, परत आला, आणि तिच्या खांद्याला धरून तिला घराकडे वळवलं. थोडं चालल्यावर तो थांबला. पुष्कळ दिवस मनात घोळवलेलं एकदाचं सांगून टाकावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

"आई," तो म्हणाला, "तिचं मनाला लावून घेऊ नको. माणसाच्या हातून चूक व्हती. मी तुला माफ केलंय."

चतुराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ आता थरथरत नव्हते.

"बरं झालं बाबा," ती म्हणाली.